अध्यक्षांच्या दाताचा उजेड

सोमवारी दुपारी यजमानांची पावलं जिना उतरून गेली, तशी बाईंनी कंबर कसली, स्टूल ओढलं आणि त्या यजमानांच्या कामाच्या टेबलावरच्या दिव्याला भिडल्या. घरातले बाकीचे सगळे दिवे त्यांनी महिन्याभरात बदलून टाकले होते. स्वयंपाकघर झालं, न्हाणीघर झालं, माळा झाला. एवढंच काय, कपड्यांच्या कपाटातला करंगळीएवढा दिवासुद्धा आता नवा, थोड्या विजेत भरपूर उजेड देणारा होता. राहिला होता हा एकच. निळसर काचेचा, भोपळ्याएवढा, आणि पेटला की अर्धी खोली तापवणारा. थंडीत यजमान काम करता करता त्याच्यावर हात शेकून घेत.

बाईंचे यजमान दात बनवत. दाताच्या डॉक्टरांनी माप घेऊन पाठवायचं आणि यांनी घरातल्या छोट्या भट्टीत दात भाजून, रंग देऊन परत पाठवायचा. इमारतीत सगळे त्यांना दातवाले म्हणत आणि त्यांनाही ते आवडे. एकतीस वर्षांत आपल्या हातचा एकही दात परत आलेला नाही, हे वाक्य ते पाहुण्याला पाणी देण्याआधी ऐकवत. "घर तुझं, दिवे तुझे," असं त्यांनी बाईंना बजावून ठेवलं होतं, "पण या एका दिव्याला हात लावायचा नाही."

महिनाभर बाईंनी ऐकलं. पण येत्या रविवारी इमारतीची वार्षिक सभा होती आणि सभेआधी सगळ्यांना घरी बोलावून त्यांना सांगायचं होतं, की या घरात जुना दिवा एकही नाही, या आणि बघा. 'जवळजवळ एकही नाही' असं म्हणणं त्यांना शक्य नव्हतं. अठ्ठावीस वर्षं शाळेत विज्ञान शिकवताना 'जवळजवळ' दिसला की त्यांनी लाल शाईने उडवला होता.

हा सगळा खटाटोप जिन्यासाठी होता, आणि जिना वन्संसाठी. नणंदबाई याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एकट्या राहत. वीस वर्षं रोज संध्याकाळी सातला त्या पत्त्यांचा जोड घेऊन पहिल्या मजल्यावर उतरत आणि दोघी जणी रमी खेळता खेळता एकमेकींवर लबाडीचे आरोप करत. गेल्या वर्षी जिन्याच्या वळणावर अंधारात वन्संचा पाय घसरला आणि घोट्याचं हाड मोडलं. हाड जुळलं, पण भीती काही जुळेना. दिवस मावळला की त्या दाराबाहेर पाऊल टाकत नसत. बाईंनी वर यावं, तर तेही नाही. "तू पडलीस तर माझ्या भावाकडे कोण बघणार? मी?" असं म्हणून त्यांनी तो रस्ताही बंद केला होता. पत्त्यांचा जोड वर्षभर रबर लावून पडून होता.

आणि जिन्याच्या आड उभे होते अध्यक्ष. दुसऱ्या मजल्यावर राहणारे अध्यक्ष अकरा वर्षं बिनविरोध निवडून येत होते, कारण विरोध करणाऱ्याला अध्यक्ष व्हावं लागलं असतं. जिन्यातले दिवे जुने, पिवळे. चोरीला जाऊ नयेत म्हणून प्रत्येकाला लोखंडी जाळीचा पिंजरा, पिंजऱ्याला कुलूप आणि किल्ली अध्यक्षांच्या खिशात. पंधरा दिवसांनी दिवा जायचा आणि अध्यक्षांना सवड होईपर्यंत अंधार राहायचा. दुकानांतून हे जुने दिवे दिसेनासे व्हायला लागले तेव्हा अध्यक्षांनी तीनशे दिवे एकदम आणून आपल्या गॅलरीत रचून ठेवले होते. "जुनं ते सोनं! मी असेपर्यंत पुरतील," असं ते सभेत छातीवर हात ठेवून सांगत. बाईंनी एकदा जिन्यात स्वतःचा दिवा खिळ्याला टांगला, तर दुसऱ्या दिवशी दारावर चिठ्ठी होती: 'सार्वजनिक जागेत कोणी खाजगी उजेड पाडू नये.'

"या सभेनंतर तुम्ही उजेडात खाली उतरणार, वन्सं," बाईंनी फोनवर शब्द दिला होता. "नाही उतरलात तर मी नाव लावणार नाही बाई म्हणून."

तर बाईंनी तो भोपळा उतरवला, गोधडीत गुंडाळून माळ्यावर ठेवला आणि त्याच्या जागी आपल्या खोक्यातला नवा दिवा बसवला. दोन डझनांचं खोकं त्यांनी दुकानदाराशी घासाघीस करून एकदम उचललं होतं आणि दिसेल त्याच्या गळ्यात त्या त्यातला एकेक घालत होत्या.

"हे काय दिवे लावलेस?" दातवाल्यांनी परत येताच दारातून विचारलं.

"लावले नाहीत, बदलले."

"माझा दिवा कुठाय?"

"माळ्यावर झोपलाय. रविवारी सभा संपली की उठवते."

"अगं, मी त्या उजेडात रंग बघतो!"

"रंग तुम्ही खिडकीच्या उजेडात बघता. एकतीस वर्षं तेच सांगताय सगळ्यांना."

"आणि खिडकीचं काय झालंय ते बघ."

खिडकीवर ताडपत्री होती. इमारतीला रंग द्यायचं काम चाललं होतं, बाहेर परांची बांधली होती आणि रंगाऱ्यांनी आठ दिवसांसाठी सगळ्या खिडक्या झाकून टाकल्या होत्या.

"या आठवड्यात रंगाचं काम आहेच कुठे तुमच्याकडे?" बाई म्हणाल्या. "तीन कवळ्या आहेत, त्यांचे दात आधीच ठरलेत. सहा दिवसांचा तर प्रश्न आहे."

दातवाल्यांनी बटण दाबलं. टेबल लख्ख झालं. ताटाएवढ्या त्या जागेत त्यांना आपल्या बोटांवरची लवसुद्धा मोजता आली असती. "उजेड झकास आहे," त्यांना कबूल करावं लागलं, आणि बाईंनी ते कबूल केलेलं चांगलं लक्षात ठेवलं.

त्याच संध्याकाळी, सातच्या सुमाराला, जिन्यात धप्प असा आवाज झाला. मग आणखी दोनदा धप्प झालं आणि त्यानंतर जो शब्द ऐकू आला तो सभा चालवणाऱ्या माणसाच्या तोंडी शोभणारा नव्हता. बाई बॅटरी घेऊन धावल्या. वळणाखालच्या पायरीवर अध्यक्ष तोंडावर हात धरून बसले होते.

"अग्गोबाई! पडलात, अध्यक्ष?"

"कोण पडलं? कोणी नाही पडलं." हाताआडून आवाज आला. "अक्रोड खात होतो. दात तुटला."

"जिन्यात बसून?"

"अक्रोड कुठे खावा याचा काही नियम आहे का?"

"इथला दिवा गेलाय वाटतं."

"दिवा उत्तम आहे. जरा विश्रांती घेतोय."

एवढं बोलून अध्यक्ष भिंत चाचपत वर गेले. बाईंनी बॅटरीच्या उजेडात एकेक पायरी तपासली. अक्रोडाचं टरफल कुठेच नव्हतं. तिसऱ्या पायरीच्या कोपऱ्यात मात्र मक्याच्या दाण्याएवढा दाताचा तुकडा मिळाला. बाईंनी तो उचलून रिकाम्या काडेपेटीत ठेवला.

"सभेत काढ ती काडेपेटी!" वन्सं फोनवर ओरडल्या. त्यांचा आवाज वर्षभरात एवढा टवटवीत लागला नव्हता. "सगळ्यांसमोर टेबलावर ठेव आणि विचार, हा अक्रोड कोणाचा!"

"नाही, वन्सं. पडलेल्या माणसाचा दात दाखवून दिवे मागायचे? मी मुद्द्यावर जिंकणार."

"मुद्द्यावर तू वर्षभर हरतेयस."

हे खरं होतं, म्हणून बाईंनी विषय बदलला.

मंगळवारी तळमजल्यावरच्या दाताच्या डॉक्टरीणबाईंनी अध्यक्षांचा दात घासून, माप घेऊन त्यांना वर पाठवलं. सोबत चिठ्ठी होती: 'समोरचा दात आहे. रंग तुम्ही स्वतः बघून घ्या.'

"रविवारी थभा आहे," अध्यक्ष खुर्चीत बसत म्हणाले. समोरच्या फटीतून त्यांचा 'स' निसटत होता. "थभेआधी दात पाहिजे."

"शनिवारी बसेल," दातवाले म्हणाले आणि बायकोकडे वळले. "माझा दिवा काढ माळ्यावरून."

"शिडी रंगाऱ्यांनी नेलीय."

"कोणी दिली त्यांना?"

"मीच दिली. परांचीला कमी पडत होती." बाईंनी नव्या दिव्याची मान जरा पुढे वाकवली. "आणि एवढ्या स्वच्छ उजेडात तुम्हाला एक दात दिसत नाही का? अध्यक्षांची पडजीभसुद्धा दिसतेय मला इथून."

अध्यक्षांनी तोंड मिटलं. दातवाल्यांनी सुस्कारा सोडला आणि नमुन्याच्या दातांची पट्टी हातात घेतली. तिच्यावर पांढऱ्या ते पिवळ्या अशा सोळा छटांचे सोळा दात टांगलेले होते. त्यांनी एकेक दात अध्यक्षांच्या शेजारच्या दाताला लावून बघितला, दोनदा डोळे मिटून उघडले आणि एक पक्का केला. मग तीन दिवस त्या माणसाने त्या एका दातावर जीव टाकला. भट्टीतून काढायचा, दिव्याखाली धरायचा, केसाएवढ्या कुंचल्याने वर्षानुवर्षांच्या चहाची पुसटशी छटा द्यायची आणि पुन्हा भट्टीत घालायचा. शुक्रवारी त्यांनी तो बाईंच्या तळहातावर ठेवला.

"अध्यक्षांच्या आईलासुद्धा ओळखू येणार नाही," ते म्हणाले.

शनिवारी संध्याकाळी दात बसला. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात खुर्चीच्या वर जो दिवा होता तोही बाईंच्याच खोक्यातला, बुधवारीच भेट गेलेला. डॉक्टरीणबाई, दातवाले आणि बाई अशा तिघांनी वाकून वाकून पाहिलं आणि कोणता दात नवा ते तिघांनाही सांगता येईना.

"पक्का बसवा," अध्यक्ष म्हणाले. "सभेत पडायला नको."

"फोडल्याशिवाय निघणार नाही," डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. "मात्र उद्या सकाळपर्यंत तोंड उघडायचं नाही."

त्या संध्याकाळी इमारतीत फार शांतता होती.

रविवारी सकाळी ऊन कडक पडलं होतं. अध्यक्ष नेहमीप्रमाणे अंगणात उभे राहून परांचीवरच्या रंगाऱ्याच्या चुका काढू लागले. बारा तास मिटलेलं तोंड उघडल्यामुळे त्यांना चांगलाच जोर चढला होता.

"तो दुसऱ्या मजल्यावरचा तुकडा बघ! शेजारच्याशी रंग जुळतोय का? डोळे आहेत की काय आहे?"

रंगाऱ्याने वाकून खाली पाहिलं. मग डोळ्यांवर हात धरून आणखी वाकून पाहिलं.

"साहेब," तो म्हणाला, "भिंतीचं आपण मागाहून बघू. आधी तुमच्या त्या समोरच्या दाताला दुसरा हात मारून घ्या. बाकीच्यांशी जुळत नाहीये तो."

अंगणातल्या माणसांनी अध्यक्षांकडे पाहिलं. सगळे दात पिवळट पांढरे होते आणि मधोमध एक हिरवट करडा, पाणी धरलेल्या भिंतीसारखा. पहिल्यांदा कोणीतरी खोकलं, मग सगळं अंगण दात काढायला लागलं.

अध्यक्ष दोन-दोन पायऱ्या चढत दातवाल्यांच्या टेबलापाशी आले आणि त्यांनी आ वासला.

"हे काय बसवलंयत माझ्या तोंडात?"

दातवाल्यांनी पाहिलं, आरसा पुढे केला. "काय वाईट आहे याच्यात?"

अध्यक्षांनी आरशात पाहिलं. दात सुरेख होता. शेजारच्याचा सख्खा भाऊ. ते गोंधळले, आरसा घेऊन अंगणात गेले आणि किंचाळले. परत वर आले. दात सुरेख. पुन्हा खाली गेले. पुन्हा किंचाळले. तिसऱ्या फेरीला दातवाले त्यांच्याबरोबर खाली उतरले आणि परत आले. येऊन खुर्चीत बसले आणि दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून नुसते दिव्याकडे पाहत राहिले.

तेवढ्यात रंगारी शिडी परत द्यायला आला. त्याने टेबल पाहिलं, ताडपत्री पाहिली, दिवा पाहिला.

"या दिव्याखाली रंग मिळवलात होय?" तो म्हणाला. "आम्ही नाही मिळवत कधी. मागे एकदा एका दुकानात घाईघाईत मिळवला होता, दिव्याखाली भिंत एकसारखी. सकाळी शटर उघडलं तर भिंत दोन रंगांची."

बाईंनी दिव्यांचं खोकं पुढ्यात ओढलं. हिरव्या उजेडात लाल फूल काळं दिसतं, हे त्यांनी अठ्ठावीस वर्षं वर्ग अंधारा करून, खरं फूल हातात धरून शिकवलं होतं. उजेडात जे रंग मुळातच कमी असतील ते वस्तूत कुठून दिसणार? पोरांना हे पाठ होतं. बाईंच्या स्वतःच्या घरात मात्र दिव्याखाली अंधार. त्यांनी खोकं उलटसुलट करून पाहिलं. वीज किती लागते ते ठसठशीत छापलं होतं. रंग किती खरे दिसतील याबद्दल एक अक्षर नव्हतं.

"नवे दिवे सगळे असे नसतात," दातवाले हळूच म्हणाले. "तेवढ्याच विजेत खरा रंग दाखवणारेही मिळतात. खोक्यावर रंगाचा आकडा असतो. शंभराच्या जितका जवळ तितका चांगला. मला विचारलं असतंस तर सांगितलं असतं." मग नमुन्याची पट्टी खणात टाकत म्हणाले, "एकतीस वर्षं."

एवढ्या दोन शब्दांनी बाईंना रडू फुटायचं बाकी राहिलं. चूक त्यांची होती, दात यजमानांचा होता आणि सभा पाच वाजता होती. आता अध्यक्ष उभे राहणार, नव्या दिव्यांचा प्रताप म्हणून आपलाच दात दाखवणार, आणि जिना आणखी अकरा वर्षं अंधारात जाणार हे त्यांना स्वच्छ दिसत होतं.

डॉक्टरीणबाई सकाळीच बाहेरगावी गेल्या होत्या, त्या बुधवारी येणार होत्या. तोवर दात निघणं शक्य नव्हतं. दुपारी अध्यक्ष आरसा घेऊन तळमजल्यावरच्या सभेच्या हॉलमध्ये जाऊन आले. तिथे त्यांचेच जुने पिवळे दिवे होते आणि त्या पिवळ्या उजेडात दात अंगणातल्यापेक्षाही मळकट दिसत होता. साडेतीनला बाईंच्या दारावर टकटक झाली.

"बाई," अध्यक्ष ओठ कमीत कमी हलवत म्हणाले, "त्या खोक्यात अजून किती दिवे आहेत?"

"आहेत की. का?"

"आजच्यापुरते हॉलमध्ये लावून बघू म्हणतो. प्रयोग म्हणून."

बाईंना कळायचं ते कळलं. पण त्या बाजूला झाल्या नाहीत. "अध्यक्ष, आधी माझं ऐका. चूक यांची नाही, माझी आहे. यांचा दिवा मी काढून ठेवला. हा दिवा वीज वाचवतो, पण रंगाच्या बाबतीत थापा मारतो. हे मी तपासून घ्यायला हवं होतं."

अध्यक्षांचे डोळे चमकले. "म्हणजे नवे दिवे फसवे! सभेत हेच सांगतो सगळ्यांना!"

"सांगा की," बाई म्हणाल्या. "तोंड उघडून सांगा."

अध्यक्षांचं तोंड मिटलं. आपलेच दात आणि आपलेच ओठ, करणार काय?

"हॉलमध्ये दिवे लावते," बाई पुढे म्हणाल्या. "पण जिन्यातही लागणार. तिन्ही मजल्यांवर. आणि आजच्यापुरते नाही, कायमचे."

"जिन्यात कशाला? जिन्यात मला कोणाकडे बघून हसायचं नसतं!"

"माणसं सभेला जिन्यातूनच येतात, अध्यक्ष. तुमची गाठ त्यांच्याशी आधी तिथेच पडणार."

"तत्त्वाचा प्रश्न आहे, बाई. गॅलरीत माझे तीनशे दिवे पडलेत."

बाई आत गेल्या, काडेपेटी घेऊन आल्या आणि ती त्यांनी अध्यक्षांच्या हातावर ठेवली. "हे तुमचं आहे. मी कोणाला दाखवलेलं नाही, दाखवणारही नाही. तिसऱ्या पायरीवर मिळालं." त्यांनी आवाज खाली आणला. "त्याच पायरीवर गेल्या वर्षी आमच्या वन्सं पडल्या होत्या. त्या काही अक्रोड खात नव्हत्या."

अध्यक्षांनी काडेपेटी उघडली, पाहिली, मिटली. ते जिन्याच्या वळणाकडे वळले. मग त्यांनी खिशात हात घातला आणि पिंजऱ्यांची किल्ली काढून बाईंना दिली.

पुढचा दीड तास बाई शिडीवर होत्या. खाली शिडी धरायला रंगारी होता आणि दिवे हातात द्यायला दातवाले. तळमजल्यापासून तिसऱ्या मजल्यापर्यंत सगळे पिंजरे उघडले. पाच वाजता हॉल असा उजळला, की कोपऱ्यातल्या खुर्चीची तुटलेली पाठ लोकांना पहिल्यांदाच दिसली.

अध्यक्ष उभे राहिले. सकाळी अंगणात हसलेले लोक पुढच्या रांगेत येऊन बसले होते. अध्यक्षांनी सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि भरघोस हसले. दात एका रांगेत, एका रंगाचे, निर्दोष. पुढची रांग डोळे चोळायला लागली.

"मंडळी," अध्यक्ष म्हणाले, "माणसाने काळाबरोबर बदललं पाहिजे, हे मी पहिल्यापासून म्हणत आलोय."

बाईंना ठसका लागला, पण जिन्यात नवे दिवे कायम ठेवायचा ठराव एकमताने पास झाला. त्याच संध्याकाळी त्यांनी तिसऱ्या मजल्यावर फोन केला.

"उजेड दिसतोय दाराखालून," वन्सं म्हणाल्या. "पण तो माणूस उद्या काढून नेईल सगळे. आठ दिवस टिकू दे, मग बघू."

बाईंचं मात्र अजून एक काम उरलं होतं. यजमानांचा दात त्यांना सरळ करून द्यायचा होता. सोमवारी त्या दुकानात गेल्या आणि रंगाचा आकडा छापलेलं खोकं मिळेपर्यंत त्यांनी दुकानदाराला तीन कपाटं उपसायला लावली. शेवटी सत्त्याण्णव आकड्याचा दिवा मिळाला, तितकीच थोडी वीज खाणारा. तो टेबलावर लागला. दातवाल्यांनी पुन्हा भट्टी पेटवली आणि मंगळवारी दुसरा दात तयार झाला. या वेळी त्यांनी तो रंगाऱ्याला दाखवला. रंगाऱ्याने परांचीवरची ताडपत्री वर केली, दात उन्हात धरला आणि मान डोलावली.

बुधवारी डॉक्टरीणबाई आल्या. पण अध्यक्षांनी खुर्चीत बसण्याआधी नवा दात चिमटीत धरला आणि ते जिन्यात गेले. पहिल्या मजल्यावरच्या दिव्याखाली आरसा धरून त्यांनी तो दाताशेजारी लावून पाहिला. उन्हात अगदी खरा वाटणारा तो दात इथे गुलाबीसर, पाहुण्यासारखा दिसत होता. ते परत आले.

"राहू दे," ते म्हणाले. "तोंडात आहे तोच बरा."

"अहो, पण उन्हात?" दातवाले कळवळून म्हणाले.

"उन्हात मी जातो किती? माझी सगळी माणसं मला भेटतात जिन्यात, नाहीतर हॉलमध्ये. अंगणात तोंड मिटून राहीन."

परांचीवरून रंगाऱ्याने ही बातमी मोठ्या समाधानाने ऐकली. दातवाल्यांनी दुसरा दात डबीत घालून खणात ठेवला. खण लावून ते बाईंना म्हणाले, "म्हणजे दात परत आलाच नाही."

"कुठे आला?" बाई म्हणाल्या. "एकतीस वर्षांत एकही नाही."

दातवाले त्या दिवशी पहिल्यांदा हसले.

पुढच्या सोमवारी, दिवस मावळताना, इमारतीच्या दारात हातगाडी थांबली. खोकीच खोकी उतरत होती आणि अध्यक्ष ती मोजून वर पाठवत होते. बाई लगबगीने खाली आल्या. त्यांच्या मनात वेगळंच चाललं होतं.

"अध्यक्ष, मी म्हणत होते, पुढच्या सभेत जिन्याचा विषय पुन्हा घेऊ. हे दिवे काढून खरा रंग दाखवणारे लावू. वीज तेवढीच लागते, आणि—"

"मुळीच नाही!" अध्यक्ष गरजले. "या दिव्यांना कोणी हात लावायचा नाही. जुनं ते सोनं! जुने तीनशे भंगारात घालून हे तीनशे आणलेत. अगदी तुमच्याच खोक्यातले, तोच छाप. मी असेपर्यंत पुरतील."

बाईंनी खोक्यांकडे पाहिलं. "अध्यक्ष, यातला एकेक दहा-दहा वर्षं टिकतो."

अध्यक्षांनी मनातल्या मनात हिशेब केला आणि त्यांचा चेहरा जरा गंभीर झाला. "मग मला बरंच जगावं लागणार," ते म्हणाले, आणि एक खोकं काखेत मारून जिना चढू लागले.

बाई क्षणभर वाद घालायच्या बेतात होत्या. मग त्यांनी वर पाहिलं. पहिल्या मजल्यावर, दुसऱ्या मजल्यावर, वळणावर, प्रत्येक पायरी कडेपर्यंत स्पष्ट दिसत होती. पायरीची छटा कोणाला जुळवायची होती? त्यांनी वाद पुढच्या वर्षावर टाकला आणि त्या घरी येऊन टेबल पुसू लागल्या.

सात वाजले. वरून एक दार उघडल्याचा आवाज आला. मग पावलं, सावकाश, एका पायरीवर दोन. बाई दारात जाऊन उभ्या राहिल्या. हाक मारावीशी वाटली, पण धीर झाला नाही. पावलं वळणापाशी थांबली, तिथे कोणाशी तरी दोन शब्द झाले आणि पुन्हा चालू झाली. वन्सं कठड्याला हात न लावता शेवटची पायरी उतरल्या. त्यांच्या हातात पत्त्यांचा जोड होता आणि वर्षभराचं रबर अजून त्याच्यावर होतं.

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. ते दिसू नये म्हणून त्या खुर्ची ओढायला वळल्या.

"अगं, तो माणूस तिथे वळणावर दिव्याखाली उभा राहून येणाऱ्या-जाणाऱ्याकडे बघून हसतोय," वन्सं खुर्चीत बसत म्हणाल्या. "अकरा वर्षांत कधी हसला नव्हता. झालंय काय त्याला?"

"काही नाही, वन्सं," बाई पत्ते पिसत म्हणाल्या. "उजेड आलाय ना जिन्यात."